सर्दीचे दहा दिवस

(नांदेडमध्ये तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. देगलूर नाक्यावर वाढलो, इंजिनिअरिंग केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. तरीही आज सर्दीवर बोलणार आहे. कारण घरात शिकलेले, मोबाईल चालवणारे आपण, म्हणून अम्मी, खाला, बहिणी औषधाचं आपल्यालाच विचारतात. आणि आपण बिनधास्त सांगून मोकळे होतो.

मीही सांगितलं होतं. धाकटी बहीण लातूरला असते, तिचा मुलगा तिसरीत. एका हिवाळ्यात तिचा फोन आला, "भाई, परवापासून याचं नाक गळतंय, आज हिरवा शेंबूड आला. मागच्या वेळची अँटिबायोटिकची बाटली अर्धी शिल्लक आहे, देऊ का?" मी म्हटलं, दे. पाणी घालून बनवलेलं ते औषध आठवड्या-दोन आठवड्यांत टाकून द्यायचं असतं, हेही मला ठाऊक नव्हतं.

तीन दिवसांत सर्दी उतरली, पण जुलाब लागले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सर्दी कधी सुरू झाली?" दिवस मोजले, तर सहावा. ते म्हणाले, "मग ती आपल्या वेळेवरच उतरली. औषधानं फक्त पोट बिघडवलं."

हे वेळापत्रक सगळ्यांनी पाठ करावं. सर्दी विषाणूंमुळे होते. असे विषाणू 200 हून जास्त आहेत, त्यात रायनोव्हायरस सगळ्यात पुढे. म्हणूनच शाळकरी मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होऊ शकते, त्यात नवल नाही. विषाणू शिरल्यावर एक ते तीन दिवसांत घसा खवखवतो, शिंका येतात, नाकातून पाणी गळतं, थोडा ताप येतो. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात त्रासाचा. मग शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो. तो रंग बहुतेक आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक द्यायचं नसतं, विषाणूवर ते चालतही नाही. सात ते दहा दिवसांत मूल बरं होतं. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

आपण औषधाला धावतो ते नेमके तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पुढे उतारच असतो, आणि श्रेय बाटलीला जातं.

ही घाई किती महाग पडू शकते ते 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी लहान मुलांना 'कोल्ड्रिफ' सिरप दिलं गेलं. तपासणीत त्यात 48.6 टक्के डायइथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं. मुलांच्या किडन्या निकामी झाल्या. कितीतरी मुलांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. वीसहून जास्त मुलं गेली. दोष बनवणाऱ्यांचा आणि तपासणाऱ्यांचा, आईबापांचा नव्हे. पण त्यानंतर केंद्र सरकारनं जे बजावलं ते लक्षात ठेवा: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत.

मग करायचं काय? आराम, कोमट पाणी, सूप, नाकात सलाईनचे थेंब. एक वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी चमचाभर मध. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून. पहिले दोन-तीन दिवस मुलाला शाळेत नि ट्युशनला पाठवू नका, तेव्हाच लागण जास्त पसरते. लातूरमध्ये क्लास बुडवायला सांगणं अवघड आहे, मला माहीत आहे.

थांबायचं म्हणजे दुर्लक्ष करायचं नाही. श्वास जोरात चालला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, मूल पाणी पीत नसेल, सुस्त पडलं, लघवी कमी झाली, कान दुखू लागला, ताप तीन दिवसांपेक्षा लांबला किंवा उतरून पुन्हा चढला, दहा दिवसांनंतरही काहीच फरक नसेल, तर लगेच डॉक्टर गाठा.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. कपाटातल्या अर्धवट बाटल्या काढून टाका. आणि पुढच्या सर्दीच्या पहिल्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. फोन आला की आधी विचारा, "कितवा दिवस?"