‘आज जेवायला काय?’ हा प्रश्न घरात कोणाचा असतो?

(एपिसोडमध्ये जे बोललो तेच थोडं नीट करून इथे देतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, पगारवाढ नाही. आज आपण रात्रीच्या जेवणाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. या एका विषयाने आमच्या घरात एकदा सगळ्यांचा जीव टांगणीला लावला होता, म्हणून बोलतोय.

आम्ही वाकडला राहतो. आई, बाबा, मी आणि बायको. मी हिंजवडीत, ती शिवाजीनगरला बँकेत. सकाळी पोळ्यांना मावशी येतात, रात्रीचं सगळं आई बघायची. ‘बघायची’ म्हणजे नक्की काय करायची, ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

गेल्या जुलैत आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून आई बारा दिवस साताऱ्याला गेली. मंगळवारची गोष्ट. बाहेर धो धो पाऊस. मी ऑफिसच्या बसमध्ये, बस भूमकर चौकात अडकलेली. बायको नुकतीच बँकेतून निघालेली. आणि आमचं व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालं. ‘जेवायला काय?’ ‘तू सांग.’ ‘मला काहीही चालेल.’ ‘मलाही.’ यात चाळीस मिनिटं गेली! शेवटी बाहेरून मागवलं. पावसामुळे तेही रखडलं.

बाबांना डायबेटिस आहे. आई आठला ताट वाढते, म्हणून आठला गोळी घ्यायची, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. त्या दिवशीही त्यांनी आठला गोळी घेतली. ताट मात्र आलंच नाही. आम्ही नऊच्या सुमारास घरी पोचलो. सव्वानऊला बघतो तर बाबांना दरदरून घाम सुटलाय, हात थरथरतायत, विचारलं एक तर उत्तर भलतंच. मशीनवर शुगर बघितली, ६२. ७०च्या खाली गेली की ती कमी धरतात. लगेच पाण्यात तीन चमचे साखर घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, ८८. मग आमच्या जिवात जीव आला. पार्सल आलं पावणेदहाला.

रात्री पाणी प्यायला उठलो आणि फ्रिज उघडला. कोबी होता, मिरच्या होत्या, कोथिंबीर होती. डब्यात बेसन होतं, तांदूळ होते. पिठलं-भात म्हणजे वीस मिनिटांचं काम. घरात सगळं होतं हो, फक्त ठरवणारं माणूस नव्हतं.

आता मी पडलो इंजिनिअर. पुढच्या शनिवारी बसून मी एक शीट बनवली. २१ दिवस, २१ पदार्थ, रंगबिरंगी खाने. आई परत आल्यावर तिला मोठ्या कौतुकाने दाखवली. तिने चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, “गुरुवारी तोंडली लिहिलीयेस. आणणार कोण? चिरणार कोण? आणि बुधवारचा भात उरला तर तो कुठल्या खान्यात बसवायचा?” चार दिवसांत शीट बंद पडली.

तेव्हाच ती अजून एक बोलली, ते माझ्या डोक्यात घर करून बसलंय. “करायचा कंटाळा नाही रे येत मला. रोज ठरवायचा येतो.”

म्हणजे बघा, आपण समजतो की स्वयंपाक गॅस पेटवल्यावर सुरू होतो. तसं नाहीये. काय आहे, काय संपलंय, काय खराब व्हायला आलंय, कोण किती वाजता येणार, कोणाला काय चालत नाही, हे सगळं आई दुपारी चारपासून डोक्यात चालवत असायची. आणि आम्ही आठला येऊन विचारायचो, ‘आज काय केलंस?’

मग आम्ही चौघं बसलो आणि दुसरी पद्धत ठरवली. ती आता आठ-नऊ महिने टिकलीये, म्हणून सांगतोय.

पहिली गोष्ट, वारांना पदार्थ लावायचे नाहीत, प्रकार लावायचे. सोमवार वरण-भात आणि एक सुकी भाजी. मंगळवार उसळ. बुधवार एका भांड्यातलं काहीतरी. गुरुवार पिठाचा दिवस, म्हणजे पिठलं, थालीपीठ, धिरडी. शुक्रवार अंडी किंवा उरलंसुरलं. भाजी कोणती, उसळ कशाची, ते घरात जे असेल त्यावर. दोन वारांची अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही. माझी शीट मोडली कारण ती वाकत नव्हती. ही वाकते.

दुसरी गोष्ट, एका दिवसाचं काम दुसऱ्या दिवसाला उपयोगी पडलं पाहिजे. सोमवारी तूरडाळ दुप्पट शिजवायची. अर्धी फोडणी न देता गार करून फ्रिजमध्ये. बुधवारी तिचीच आमटी उकळायची, कणकेचे तुकडे सोडायचे, झाली वरणफळं. पोळी वेगळी नको, भात नको. डाळ नसेल तर खिचडी. १ वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, ५ वाट्या पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या. मऊ होते, बाबांना तशीच आवडते.

तिसरी, रविवारचा एक तास. कांदा आणि सुकं खोबरं भाजून आलं-लसणाबरोबर वाटण करायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. उसळीला दोन तुकडे, अंडाकरीला तीन. रविवारी रात्री मटकी भिजत घालायची, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. मंगळवारपर्यंत मस्त मोड येतात. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो, तेव्हा शनिवारीच भिजवा. पालेभाजी निवडून ठेवायची, पण धुवायची नाही. कागदात गुंडाळून ठेवली की दोन-तीन दिवस चांगली राहते.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. भात उरला की ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही. भातात असे जंतू असतात, ज्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात, विष तयार करतात आणि ते विष परत गरम करूनही जात नाही. पसरून गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करा.

चौथी गोष्ट, आमचा साडेसातचा नियम. साडेसातपर्यंत ठरलेलं काही मार्गी लागलं नसेल, तर चर्चा बंद. पिठलं-भात. १ वाटी बेसन, ३ वाट्या पाणी. बेसन आधीच पाण्यात कालवून घ्यायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कांदा, लसूण, मिरचीची फोडणी, त्यात हे ओतायचं आणि ढवळत राहायचं. म्हणून घरात बेसन कधी संपू द्यायचं नाही. आमच्याकडे आता दूध संपलं तर चालतं, बेसन संपलं की आरडाओरडा होतो.

बाबांच्या बाबतीत डॉक्टरांशी बोललो. त्यांनी सांगितलं ते आता पक्कं, गोळी ताट समोर आल्यावरच. तुमच्या घरी कोणाला डायबेटिस असेल तर गोळी आणि जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारून घ्या, माझ्यावरून अंदाज बांधू नका.

आणि पाचवी गोष्ट, जी सगळ्यात अवघड गेली. वार वाटून घेतले. सोमवार-मंगळवार आई, बुधवार मी, गुरुवार बायको, शुक्रवार बाबा. हो, बाबा! बुर्जी झकास करतात, तीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

आधी मी काय करायचो? किचनच्या दारात उभा राहून म्हणायचो, ‘आई, मदत करू का?’ मला वाटायचं मी किती चांगला मुलगा. पण त्यात काम तिचंच राहतं. मला काय सांगायचं, हेही तिनेच शोधायचं. ‘बुधवार माझा’ म्हटल्यावर काय करायचं ते मी ठरवतो, लागेल ते मीच आणतो, करतो, आणि ओटाही पुसतो. पहिल्या बुधवारी खिचडी खाली लागली. आई तीनदा उठून आत आली, तिला राहवेना. चौथ्यांदा बाबांनीच तिला बसवलं, “लागू दे, करपलेली खाऊ आज.” खाल्ली सगळ्यांनी.

मागच्या महिन्यात आई परत साताऱ्याला गेली होती, आठ दिवस. जाताना दरवेळी फ्रिजवर चिठ्ठी लावून जायची, हे संपव, ते भिजव. यावेळी चिठ्ठी नव्हती. संध्याकाळी तिचा फोन आला, आजीची तब्येत, पाऊसपाणी सगळं बोलली. जेवायला काय, हे तिने विचारलंच नाही. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

तर मंडळी, एवढंच करा. आज घरी गेल्यावर बघा, तुमच्याकडे ‘काय करायचं’ हे कोण ठरवतं. आई, बायको, बहीण, वहिनी, नाहीतर तुमचा रूममेट. त्यांच्याकडून एक वार मागून घ्या. पूर्ण वार, ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. तुमचा साडेसातचा पदार्थ कोणता, ते कमेंटमध्ये नक्की कळवा. मी वाचतो सगळं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आज बुधवार आहे, मला कुकर लावायचाय. चला, बाय!