बिअरची पारख

फणसवाडींतील एखाद्या स्वयंपाकघरांत आमटीला नुसतें “बरी आहे” म्हणून चालत नाहीं. चिंच अधिक झाली कीं फोडणी जळली, तें नेमकें सांगावें लागतें. लहान, स्वतंत्र ब्रुअरींची बिअर पारखणाऱ्यालाहि हीच शिस्त हवी.

मुंबईंत या पेयाच्या चवीची चर्चा फार जुनी नाहीं. शहरांत १९३९ च्या ऑगस्टमध्यें दारूबंदी आली. १९४९ सालीं तिचा कायदा झाला. मद्याविषयींचें बोलणें नशा आणि निषेध यांपुरतेंच राहिलें. पुढें २००९ सालीं पुण्यांत ‘डूलाली’ सुरू झाली. २०१३ सालीं लोअर परळला, मथुरादास गिरणीच्या आवारांत, ‘बार्किंग डिअर’ची बिअर तयार होऊं लागली. बिअर आली, पण तिची चव सांगणारे शब्द कोठून आणावयाचे?

ते घरांतच आहेत. नाचणीच्या सत्त्वासाठीं नाचणीला मोड आणतात, तसे येथें जवाला आणतात. तो वाळवून, भाजून, गरम पाण्यांत त्याची गोडी उतरवितात. हॉप्स उकळून कडवटपणा आणतात. मग यीस्ट त्या साखरेचें मद्य करतें. जर्मन धर्तीच्या गव्हाच्या बिअरला केळें व लवंग यांचा गंध येतो. तो मसाल्याचा नव्हे, यीस्टचा गुण होय. पिकल्या फणसाच्या घमघमाटांतहि त्याच एस्टर वर्गाचीं द्रव्यें असतात. उलट, फिक्या लागर बिअरला लोण्याचा वास आला, तर बहुधा आंबणें अपुरें राहिलें. भिजल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर हवा लागून ती शिळी झाली.

पारखतांना पेला स्वच्छ असावा, घोट लहान असावा. बिअर अति थंड नसावी. थंडीनें गुण आणि दोष दोन्ही झांकतात. आरंभ सौम्य बिअरपासून करावा, मध्यें साधें पाणी प्यावें. चार-पांच नमुन्यांनंतर थांबणें उत्तम. मद्य चढल्यावर दिलेला निवाडा ग्राह्य नाहीं.

आवड आणि दोष यांत मात्र गल्लत नको. ‘इंडिया पेल एल’ कडवट असावयाचीच. ती कडू लागली म्हणून तिला नापास करणें म्हणजे कारल्याला कडूपणाबद्दल दोष देणें होय. असा एक शेरा लहान उत्पादकाचें गिऱ्हाईक तोडूं शकतो. पण फुकटच्या पेल्याला जागून खरा दोष लपविणारा त्याचें अधिक नुकसान करतो. कारण पुढचें पिंप सुधारण्याची संधि तो हिरावून घेतो.