एका तुकड्यावाचून अडलेला खेळ



खेळाच्या यंत्रावर व्याख्यान म्हणजे पोरखेळ, असे आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांना वाटले असेल. आम्हांसही पूर्वी तसेच वाटे. पण हा खेळ कोट्यवधींच्या भांडवलाचा आहे, आणि तो नखाएवढ्या तुकड्यावाचून अडतो.

जपानच्या सेगा कंपनीने 27 नोव्हेंबर 1998 रोजी ‘ड्रीमकास्ट’ हे यंत्र बाजारात आणले. त्याचा मुख्य प्रोसेसर हिताचीचा होता. पडद्यावर चित्रे उमटवणारी चिप एनईसीकडून यायची होती, ती मात्र पुरेशी येईना. नवरदेव मांडवात आणि भटजींचा पत्ता नाही, अशी गत! असे का व्हावे? या चिपा सिलिकॉनच्या एका पातळ चकतीवर एकदम पुष्कळ उमटवतात आणि मग कापून वेगळ्या करतात. धुळीचा एक कण पडला की तेवढी चिप बाद. नव्या कामावर हात बसेपर्यंत अशा बाद चिपांचा ढीग पडतो, चकतीचा खर्च मात्र पुरा लागतो. पहिल्या दिवशी सुमारे दीड लाख यंत्रे हातोहात गेली. पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायला माल नव्हता.

गिऱ्हाईक थांबते, तर फारसे बिघडले नसते. पण मार्च 1999 मध्ये सोनीने प्लेस्टेशन 2 ची घोषणा केली आणि 4 मार्च 2000 ला ते जपानात विकायलाही काढले. सेगाला मोकळे मैदान मिळाले ते अवघे पंधरा महिने. त्यांतले आरंभीचे, सर्वांत मोलाचे दिवस चिपांची वाट पाहण्यात गेले. चिपेनेच ड्रीमकास्टचा बळी घेतला, असे आम्ही म्हणणार नाही. सेगा तोट्यात होती, आणि आधीच्या ‘सॅटर्न’ने तिची पतही घालवली होती. मार्च 2001 अखेर उत्पादन थांबले.

सोनीलाही ठेच लागलीच. प्लेस्टेशन 3 साठी निळ्या लेसरचे डायोड पुरेनात, म्हणून युरोपातील विक्री नोव्हेंबर 2006 वरून मार्च 2007 वर गेली. परंतु तिच्या पदरी प्लेस्टेशन 2 होते. त्याच्या चिपा स्वतःच्या आणि तोशिबाबरोबरच्या भागीदारीतल्या कारखान्यांत होत. पुढे दोन मुख्य चिपा एकाच लहान तुकड्यात बसवल्या. एका चकतीतून जास्त तुकडे निघू लागले, यंत्र स्वस्त झाले. ते 2013 च्या आरंभापर्यंत बनत राहिले आणि पंधरा कोटींहून अधिक खपले. ड्रीमकास्टचा आकडा एक कोटीलाही पोचला नाही.