समोरासमोरचा डाव

ऑगस्ट २०२० मध्ये ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत भारत आणि रशिया आमनेसामने असताना निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचे इंटरनेट तुटले. घड्याळ चालूच राहिले आणि दोघांचे डाव वेळ संपून गेले. भारताने दाद मागितल्यावर जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने, दोन्ही संघांना संयुक्त विजेते ठरवले. नाशिकचा विदित गुजराथी तेव्हा भारताचा कर्णधार होता. करोनाकाळात पडद्याने हा खेळ तगवला, हे मान्यच करावे लागते.

पटासमोरच्या स्पर्धेची शिस्त मात्र पडदा शिकवत नाही. नियमबाह्य खेळी मोबाईल होऊच देत नाही. स्पर्धेच्या सभागृहात ती सहज होते. क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेच्या, डावात अशा पहिल्या चुकीला प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटे जादा मिळतात, दुसऱ्या चुकीला सहसा डावच जातो. हात लावलेले मोहरे हलवावेच लागते. ज्या हाताने खेळी, त्याच हाताने घड्याळ दाबायचे. मोबाईल तर सभागृहाबाहेरच बरा.

सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा नियम खेळी लिहून काढण्याचा, आणि प्रगतीचे मूळ नेमके तिथेच आहे. नोंदीच्या कागदावर हरलेला डाव जिवंत राहतो. डाव संपल्यावर प्रतिस्पर्ध्यासोबत बसून तो पुन्हा मांडायचा, वजीर कुठे अडकला, प्यादे का सुटले, हे आधी स्वतःच्या डोक्याने शोधायचे. संगणकाला विचारायचे ते त्यानंतर. उलट क्रम करणाऱ्याला उत्तर मिळते, पण विचार करण्याची सवय लागत नाही. रात्रभर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळल्याने हात चपळ होतो. दोन-तीन तास एकाच स्थितीकडे पाहत बसण्याची ताकद त्यातून येत नाही.

मानांकन (रेटिंग) घसरण्याची भीती शाळकरी वयात तरी अनाठायी आहे. १८ वर्षांखालील आणि २३०० पेक्षा कमी मानांकन असलेल्या खेळाडूंचे गुण मोठ्यांपेक्षा वेगाने खाली-वर होतात, त्यामुळे आज गेलेले गुण चांगल्या स्पर्धेत भरून निघतात.

तीच दिव्या २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये पटासमोर बसली आणि भारतीय महिला संघाने सुवर्ण जिंकले. संघाचे कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत तिने कोनेरू हम्पीला जलद डावांत हरवले. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म हाती नसताना, त्या विजयाने १९ व्या वर्षी तो किताब तिला थेट मिळाला.

पटासमोरची ही शिस्त शिकायला महानगर लागते असे नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाचे मंडळ आणि स्पर्धा उभ्या केल्या त्या सांगलीत. शिक्रापूरसारखे गाव तर पुणे–अहिल्यानगर महामार्गावरच आहे. पुण्यातल्या स्पर्धेला सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. त्याआधीची तयारी शाळेतच व्हावी: काही पट, चालणारी घड्याळे, नोंदीचे कागद आणि नियम जाणणारा एक शिक्षक. शाळेने शनिवारची स्विस लीग, म्हणजे जवळपास समान गुणांच्या मुलांच्या जोड्या लावणारी स्पर्धा, सुरू करावी, आणि पालकांनी निकाल विचारण्याआधी मुलाचा नोंदीचा कागद पाहायला मागावा.