सिक्खा आणि शिक्षा



पाचवे शील तुम्ही नित्य म्हणता. त्यातील 'सिक्खापद' या पाली शब्दात सिक्खा म्हणजे शिकणे, दंड नव्हे. तरी घरातील मुलगा व्यसनात सापडला, की आपण प्रथम त्याला विहारातून उठवतो. म्हणून अमेरिकेतील एक हकीकत सांगतो.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या न्यूयॉर्कात शिकले, त्याच शहराच्या दक्षिण ब्रॉन्क्स भागात कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकोहून आलेले स्पॅनिशभाषिक लोक दाटीने राहत. पडकी घरे, बेकारी, पदोपदी वर्णद्वेष. तेथील तरुणांना हेरॉइनने ग्रासले. नोव्हेंबर १९७० मध्ये 'यंग लॉर्ड्स', 'ब्लॅक पँथर' आदी संघटनांच्या तरुणांनी लिंकन रुग्णालयातील जागा ताब्यात घेऊन व्यसनमुक्ती केंद्र उघडले. व्यसनातून सुटलेले तेथे नव्याने आलेल्यांस हात देत. उपचारासोबत, आपली ही दशा का झाली, याचेही शिक्षण दिले जाई.

सरकारने दंड निवडला. १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक विक्रीसाठी बाळगल्यास किमान ५ वर्षे कैद. भुकटीच्या कोकेनला तीच शिक्षा ५०० ग्रॅमला! मूळ द्रव्य एकच. परंतु क्रॅकसाठी शिक्षा झालेले बहुसंख्य कृष्णवर्णीय. कायद्यात वर्णाचा उल्लेखही नाही, हे वकिलाच्या नजरेतून सुटत नाही. २०१० साली हे अंतर १०० पटींवरून १८ पटींवर आले, मिटले नाही.

येत्या पौर्णिमेला तुमच्या त्या मुलाला वंदनेस घेऊन या. ज्यांची दारू सुटली आहे, त्यांच्यापैकी कोणीतरी त्याच्याशेजारी बसावे.