संक्रांतीचे खाद्य अलंकार

पौषाचा गारठा पडूं लागला म्हणजे वर्धेच्या बाजारांत दोन जिनसा शेजारीं शेजारीं दिसतात. कारंजा, आष्टी व आर्वी या तालुक्यांतून येणारीं आंबिया बहाराचीं संत्रीं संपत आलेलीं असतात, आणि किराणा दुकानांतून पांढऱ्या तिळाचीं पोतीं उघडलीं जातात. या दोहोंपासून सणाची सजावट घरच्या घरीं कशी करतां येईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

युरोपांत नाताळच्या सुमारास संत्र्याच्या चकत्या वाळवून त्या शोभेच्या वृक्षावर टांगतात, आणि अख्ख्या संत्र्यांत लवंगा टोचून तें सुवासासाठीं खोलींत ठेवतात. ही चाल ऐकून कोणास ती परकी वाटेल. वस्तुतः खाण्याच्या पदार्थाचा अलंकार करण्यांत महाराष्ट्रीय गृहिणी कोणास हार जाणाऱ्या नाहींत. लग्नाच्या रुखवतांत कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, बदामखारकांचीं फुलें, वेलदोड्यांचे हार मांडलेले असतात. आणि पहिल्या संक्रांतीस नववधूला काळी चंद्रकळा नेसवून बिंदीपासून कमरपट्ट्यापर्यंत सारे दागिने हलव्याचे घालतात. नटवावयाचें तें झाडास कीं माणसास, एवढाच काय तो फरक!

हलवा पाहावयास सोपा, करावयास कठीण. पसरट परातीखालीं मंद विस्तव ठेवावयाचा. परातींत भाजलेले तीळ, खसखस किंवा खरबुजाच्या बिया घ्यावयाच्या, आणि साखरेचा एकतारी पाक त्यांवर एका वेळीं केवळ चमचाभर सोडून बोटांनीं हलकेच फिरवीत राहावयाचें. तो पाक पुरता सुकल्यावांचून दुसरा चमचा घालूं नये. घाई झाली कीं आधींचें साखरेचें पूट विरघळतें व दाणे एकमेकांस चिकटून गोळा होतो. हें काम कित्येक दिवस, रोज थोडें थोडें, चालतें. पाकांतील साखर दाण्यावर कण धरूं लागली म्हणजे बारीक काटा उठतो. तोच हलव्याचा खरा दागिना. हवा कोरडी व थंड असली तर काटा चांगला येतो. ढगाळ दिवशीं दाणा गुळगुळीत राहतो, आणि करणारीची चिडचिड होते ती वेगळीच! रंग हवाच असेल तर थोड्या पाकांत केशर खलावें. बाजारच्या भडक रंगांचा मोह टाळणें बरें. अलीकडे थर्माकोलच्या मण्यांचे दागिनेही विकावयास येतात. ते छायाचित्रांत शोभत असतील. पण जो उतरल्यावर तोंडांत टाकतां येत नाहीं, त्यास हलव्याचा दागिना म्हणावें कसें?

आतां संत्र्याकडे वळूं. नागपुरी संत्र्याची साल मोकळी असते. त्यामुळें खाण्यास तें सोयीचें, परंतु चकत्या करण्यास गैरसोयीचें. वाळतांना सालीची किनार गरापासून सुटून येते. चकत्यांसाठीं घट्ट सालीचें मोसंबें अथवा लिंबू घ्यावें. धारदार सुरीनें पाव इंच जाडीच्या सारख्या चकत्या कापाव्या, फडक्यानें टिपाव्या, जाळीवर एकमेकींस न लागतील अशा पसराव्या, वर पातळ मलमल घालावी, आणि रोज उलटाव्या. सायंकाळीं त्या घरांत आणणें अगत्याचें आहे, कारण दिवसभर उन्हानें काढलेलें पाणी रात्रींचें दंव परत देतें. गर हातास चिकटेनासा झाला म्हणजे चकती तयार झाली. उजेडाकडे धरली असतां ती रंगीत कांचेसारखी दिसते. संत्र्याची साल मात्र ओली असतांनाच कातरावी. तिच्या चांदण्या, पानें, पाकळ्या कापून, दोऱ्यासाठीं भोंक पाडून, मग वाळवावी. एकदां कडक झाली कीं कातरीखालीं तिचे तुकडे होतात. अशा चांदण्या व मोसंब्याच्या चकत्या यांचें तोरण हळदीकुंकवाच्या बैठकीवर फार खुलून दिसतें.

गांवच्या मालास गांवींच रूप द्यावें, हा विचार वर्धेस नवा नाहीं. १९३४ सालीं निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें कार्य जे. सी. कुमारप्पा यांनीं येथील मगनवाडींतूनच चालविलें, आणि १९३८ सालीं तेथें मगन संग्रहालय उघडण्यांत आलें.

या सुंदर चालीच्या पोटांत एक कुरूप गोष्टही आहे. परातीजवळ तासन् तास बसण्याचें काम पुष्कळदां घरांतील एखाद्या विधवा आत्येकडे किंवा मावशीकडे येई. काटा तिच्या बोटांनीं उठवावा, दागिना तिनें गुंफावा, आणि तो सुनेच्या गळ्यांत घालण्याच्या वेळीं मात्र तिनें माजघरांत राहावें, अशी रूढी होती. कित्येक घरांत ती अद्यापि आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामपंचायतीनें मे १९२२ नव्हे, मे २०२२ मध्यें विधवांविषयींच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर गांवांनींही तो कित्ता गिरवावा असें कळविलें. शंभर वर्षांपूर्वींच व्हावयास हवा होता असा हा ठराव! शहरांतील सुशिक्षित घरांस मात्र त्यासाठीं ग्रामपंचायतीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. येत्या संक्रांतीस ज्या हातांनीं हार केला, त्याच हातांनीं तो सुनेस घालावा.

बोरन्हाणाच्या वेळीं एक सावधगिरी ठेवावी. तान्ह्या मुलाच्या मुकुटाचा व वाळ्यांचा दोरा पक्का असावा, आणि सुटलेला दाणा, बोराची आठळी किंवा शेंगदाणा त्याच्या तोंडांत जाऊं देऊं नये; असा जिन्नस घशांत अडकण्याचें भय असतें. डोक्यावरून ओतलेलें मोठ्या मुलांनीं लुटावें. धाकट्यानें नुसतें हंसावें.

रथसप्तमी झाली म्हणजे दागिने उसवून, मुंग्या लागण्यापूर्वीं, हलवा घट्ट झांकणाच्या बरणींत भरावा. तोरणांतील संत्र्याच्या साली झटकून कुटाव्या व वस्त्रगाळ करून ठेवाव्या. पुढील दिवाळीच्या उटण्यांत त्या उपयोगीं पडतात.