अबोली आणि जाई



गोमंतकीय देवकार्यात अबोली व जाई या दोन्ही फुलांना मानाचे स्थान आहे. तथापि दोहोंची निगा भिन्न. अबोलीस विरळ सावली मानवते. मुळाशी पाणी मात्र साचू देऊ नये. तिला गंध नाही, परंतु फूल लवकर कोमेजत नाही, म्हणून वेणीत ते शोभते. जाईस भरपूर ऊन, मांडवाचा आधार व वेळेवर छाटणी हवी. कळ्या उमलण्यापूर्वीच खुडाव्या लागतात. सुगंध अपूर्व, आयुष्य एका रात्रीचे. म्हार्दोळच्या श्रीमहालसेची जायांची पूजा याच फुलांनी सजते.

आज परसे आकसली आणि देवाची फुलेही बाजारातून येऊ लागली. जाईच्या मांडवाखाली अबोली सुखाने वाढते. एवढ्याशा जागेतही घरची ओंजळ देवाचरणी पोहोचावी.